शकुनाचं दही

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे आणि सध्या माझी फार चिडचिड होते. माझ्या अंगावर ‘चतुराबाई’ असं नाव कोरलेलं आहे. त्यांच्या लग्नात मी मंठ्याच्या या घरी आले. कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं, की चतुराबाई माझ्यातली दही-साखर त्याच्या हातावर ठेवायच्या. पोरं पास झाली, मुलाचं लग्न जमलं, सगळ्याचं कौतुक माझ्या वाट्याला आलं. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू?

मग दैवशाला सून होऊन आली. बोलकी, हसरी, शिवणकामात पटाईत. पुढे तिला नैराश्याच्या आजारानं गाठलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची, लेकीची वेणीसुद्धा घालवेना. गोळ्यांनी भागलं नाही, तेव्हा नवीन जालन्यातल्या डॉक्टरांनी भूल देऊन विजेचे उपचार केले. दैवशाला उठली, पुन्हा ब्लाउज शिवू लागली. मधूनच काहीबाही विसरते, मिठाचा डबा शोधत फिरते आणि स्वतःवरच वैतागते. पण ती जगते आहे. हे टिकावं म्हणून तिला दर महिन्याला उपचारांसाठी जावं लागतं, तेही उपाशीपोटी. भूल दिल्यावर पोटातलं श्वासनलिकेत गेलं, तर जिवावर बेततं.

आणि इथंच घोडं पेंड खातं! नवरा सोमेश्वर मोटरसायकल काढतो, तेवढ्यात चतुराबाई मला घेऊन उंबऱ्यात हजर. दैवशालाला नाही म्हणवलं नाही. दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, तिनं खरं ते सांगितलं. उपचार पुढे ढकलले.

“आई, उपाशी न्यायचं हाय म्हणून सांगितलं न्हव्हतं का?” सोमेश्वर ओरडला.

“दही म्हंजे काय जेवण हाय का? एकादशीला चालतंय की!”

मला डोकं असतं, तर आपटून घेतलं असतं. पुढच्या खेपेलाही तेच. शिलाई मशीन गप्प झालं. दैवशाला पुन्हा भिंतीकडे वळली. वर चतुराबाई म्हणाल्या, “त्या शॉकचा काही बी उपयोग न्हाई.” अहो, उपचार झालेच कुठे होते?

मग पुन्हा तारीख मिळाली. सोमेश्वरनं दैवशालाला धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. समोर मी होतेच. कित्येक दिवसांनी ती बोलली.

“आत्याबाई, आज नका देऊ. आल्यावर द्या. मला बरं व्हायचंय.”

चतुराबाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी मला फळीवर झाकून ठेवलं.

दुपारी दैवशाला परतली. डोळे जड, सकाळचं काहीच आठवेना. “सकाळी दही दिल्तं का मला?”

“न्हाई दिलं, माय,” चतुराबाई म्हणाल्या. “बस. आता देते.” त्यांनी मला फळीवरून काढलं आणि दही-साखर तिच्या हातावर ठेवली.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचे असे उपचार चालू असतील, तर निदान मायेपोटी तरी त्यांच्या आड येऊ नका. मी फळीवर थांबायला तयार आहे. दैवशालाला मात्र आता कुणी थांबवू नका.