हौशीरामची बारी

डिंगोऱ्यापासून कळंबपर्यंत बैलगाडा शर्यतीचा असा एक घाट नव्हता, जिथं हौशीरामचा आवाज घुमला नाही. खालून चार बैलांचा गाडा सुटला, की ती धाव, म्हणजे बारी, वर पोचेपर्यंत तो माईकवर एका दमात बोलायचा. दसऱ्याच्या सुमारास तोच दम खोकल्यात अडकला. वजन उतरलं, थुंकीत टीबीचे जंतू सापडले.

यात्रा कमिटीचे दादाभाऊ लांबूनच म्हणाले, "चैताच्या यात्रेपर्यंत बरा झालास तर माईक तुझाच. न्हाईतर दुसरा बघावा लागंल, राव."

गोळ्या सुरू झाल्या. खोकला उतरला, भूक परतली. पण लघवी लालसर होऊ लागली. हौशीरामनं निदान स्वतःच केलं: गोळ्यांनी उन्हाळी लागली, ही उष्णता आता गळ्यात चढणार. आवाज वाचवायला त्यानं गोळ्या बंद केल्या आणि धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायला सुरुवात केली.

चार दिवसांनी गावची आशा कार्यकर्ती आरती आली. ती नात्यानं भाची. तिनं गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं केलं.

"मामा, ह्या गोळ्या कोंबड्यांसाठी ठिवल्यात का?"

"लाल व्हतंय गं सगळं."

आरती हसली. "तो गोळीचाच रंग. लाल न्हाई झालं असतं तर मी म्हणले असते, मामा गोळ्या थुंकतो!"

"पण खोकला तर गेलाय."

"खोकला गेला, जंतू न्हाई. आता सोडल्या तर उरलेले जंतू गोळ्यांना दाद द्यायचे न्हाईत."

हौशीरामनं पाकिटाकडं पाहिलं. एका गोळीत चार औषधं असतात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"म्हंजे बारी निम्म्यात असताना मीच चारी बैल जुवातून सोडवले?"

"आन् वर माईकवर बोलतोस, गाडा जिंकला म्हणून!"

त्या दिवशीच ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा चालू केल्या, चुकलेले दिवस शेवटी जोडले. पुढं चारातलं एक औषध कमी झालं, तेव्हा हौशीराम म्हणाला, "एक बैल दमला वाटतं." पण उरलेले तीन त्यानं वरपर्यंत हाकले.

यात्रेच्या आदल्या आठवड्यात शेवटच्या तपासणीत थुंकी स्वच्छ निघाली. डॉक्टर म्हणाले, "टीबी बरा झाला."

घाटात दादाभाऊंनी माईक पुढं केला, या वेळी हातात हात देऊन. गाडा सुटला. धुळीतून बैल वर झेपावले, आणि हौशीरामचा आवाज त्यांच्यापुढं धावत सुटला. मधे एकदाही खोकला नाही, श्वास तुटला नाही. वरच्या टोकाला टोप्या उडाल्या.

त्याच दमात तो गरजला, "मंडळी, मला टीबी झाला व्हता! गोळ्या पुऱ्या केल्या, म्हणून हा आवाज हाय. लघवी लाल झाली तर भिऊ नका, ती गोळीची खूण हाय!"

घाट हसून लोटपोट झाला. गर्दीत आरतीनं पदर तोंडावर घेतला.

"आरं, यात्रा हाय ही, दवाखाना न्हाई!" दादाभाऊ ओरडले.

"दम हाय तोवर दोन्ही चालवतो," म्हणत हौशीरामनं पुढच्या गाड्याचं नाव पुकारलं.