फाटक उघडंच होतं

देशाच्या पश्चिमेला, सेंट बीजच्या किनाऱ्यावर सकाळी साडेआठला आम्ही बुटांची टोकं पाण्यात भिजवली आणि एकेक गोटा उचलला. तो खिशात ठेवून चालायचं आणि पंधराव्या दिवशी, देशाच्या दुसऱ्या कडेला, पूर्वेच्या समुद्रात टाकायचा, अशी या वाटेची रीत. माझा भाऊ लँबर्ट सदुसष्ट वर्षांचा, मी बासष्टची. त्याने अंड्याएवढा तांबडा गोटा निवडला, मी वाटाण्याएवढा.

"कंजूष," तो म्हणाला.

"एकशेनव्वद मैल जायचंय, लँबर्ट."

"म्हणजे ओझं पुन्हा माझ्याकडेच. बाबांच्या काचघराची काच फोडलीस तू, आणि छड्या खाल्ल्या मी."

"तुला कुणी सांगितलं होतं पुढे व्हायला?"

"कुणी नाही. तोंड बघवत नव्हतं तुझं."

त्याची कुत्री पेग बरोबर होती. तिच्या दोरीचा फास त्याने मनगटात अडकवला होता.

पावणेएकच्या सुमाराला आम्ही एक उताराचं कुरण चढून गेलो. कुंपणाच्या सावलीत सहा वासरं झोपली होती. वरच्या टोकाचं फाटक सताड उघडं होतं आणि त्याच्याखाली बिस्किटाचा कोरा करकरीत कागद पडला होता.

"आपल्या पुढे कुणीतरी गेलंय आणि फाटक लावायचं विसरलंय," मी म्हणाले.

"राहू दे. जसं दिसेल तसं सोडायचं."

"आणि वासरं बाहेर पडली तर?"

"मास्तरीणबाई, समोर वर्ग नसला तरी तुमचं चालूच."

मी तीस वर्षं मुलांना पुराव्यावरून निष्कर्ष काढायला शिकवलं. मी फाटक ओढलं आणि खिट्टी घातली.

पुढे शंभर पावलांवर जमिनीला फुगवटा होता. तो ओलांडला आणि गाई दिसल्या. अकरा. एकीने मान वर करून पेगकडे पाहिलं. त्याच वेळी मागे, खिट्टीच्या पलीकडे, एक वासरू ओरडलं.

फाटक कुणी उघडं ठेवलं होतं आणि कशासाठी, ते मला तेव्हा कळलं.

गाई चालत आल्या नाहीत, धावत आल्या. इतकं जड जनावर इतक्या वेगाने येतं हे मला माहीत नव्हतं. पेग लँबर्टच्या पायांमागे लपली.

"तिला सोड! त्या कुत्रीच्या मागे आहेत! लँबर्ट, दोरी सोड!"

तो दुसऱ्या हाताने फास ओढत होता. फास आणखी आवळला. पहिल्या गाईने त्याला डोक्याने पाडलं. दुसरी त्याच्यावरून गेली. आवाज झाला तो ओली फांदी मोडल्यासारखा.

मी त्याच्याकडे गेले नाही. मी उलटी पळाले, फाटकाकडे. खिट्टी निघेना. मी ती तळहाताने ठोकली. मग ती निघाली. वासरं हंबरत आत आली, गाई वळल्या, माझ्या अंगाला घासत त्यांच्याकडे गेल्या. मिनिटभरात प्रत्येक वासरू आपापल्या आईला लुचत होतं. गाई चरू लागल्या. जणू काहीच झालं नव्हतं. मला त्याचाच सर्वांत मोठा धक्का बसला.

लँबर्ट उताणा पडला होता. पेग त्याचा कान चाटत होती. आरडाओरडा ऐकून गुरांची मालकीण चारचाकी मोटारसायकलवरून आली. तिने त्याला एकदा पाहिलं, फोन काढला, हेलिकॉप्टर मागवलं आणि मग माझ्याकडे वळली.

"मे महिन्यापासून उघडं आहे हे फाटक. पाणी खाली, गवत वर. लावलं कुणी?"

माझं तोंड उघडलं. आवाज आला तो खालून.

"मी," लँबर्ट म्हणाला. त्याच्या ओठांवर गुलाबी फेस होता.

"नाही," मी म्हणाले. "मी लावलं. तो नको म्हणत होता."

"गप्प बस, हेस्टर."

"तुमचं भांडण नंतर," मालकीण म्हणाली. "त्याचं डोकं धरा आधी. अजिबात हलू देऊ नका."

मी चिखलात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. त्याचे श्वास मोजले. मिनिटाला चौतीस. त्याच्या छातीवरच्या खिशातला गोटा माझ्या कोपराला टोचत होता.

त्याने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"तोंड बघवत नाही तुझं," तो म्हणाला.

"मग बघू नकोस. श्वास घे."