दोन बंदांची पिशवी

पिशवीची नाडी जांभळी होती आणि तिच्या टोकाला सुलास्त्रीनं मारलेली गाठ विर्योनो मघापासून बोटानं चाळवत बसला होता... पिशवी अजून घडीतच, त्याच्या मांडीवर. जुन्या फुलाफुलांच्या चादरीची. "घ्या, शिवून ठेवलीये," म्हणत सुलास्त्रीनं, त्याच्या बायकोनं, ती सकाळी हातात कोंबली होती आणि वर पुन्हा तेच – "नवा अजगर मला एकटीला उचलता आला पाहिजे, सांगून ठेवते. नाहीतर आणूच नका."

अट रास्त होती. न्याईला, त्याच्या साडेपाच मीटरच्या अजगरिणीला, पिंजऱ्याबाहेर काढायला शेवटी शेवटी तीन माणसं लागायची. दोन्ही मुलं नोकरीसाठी कालिमंतानला गेली आणि मग उरलं कोण, तर हा साठीचा सुतार आणि त्याचा दुखरा खांदा. सोळा वर्षं सांभाळलेली न्याई मागल्या साली मालांगजवळच्या एका प्राणिसंग्रहालयात दिली. तेव्हापासून पिंजऱ्याचा तो रिकामा कोपरा सुलास्त्री रोज झाडायची, आणि तो तिकडे बघायचं टाळायचा.

आज मात्र त्याला मनापासून बरं वाटत होतं. अजगरांची पिल्लं विकणाऱ्या विंडाच्या घरी, पुढच्या खोलीत डब्यांची चळत, भुशाचा तो ओळखीचा वास – सुराबाया शहरात इतकी वर्षं काढली, पण असा वास आला की तो लगेच गावच्या घरी असल्यासारखा सैलावायचा.

"दोन्ही पिल्लं जाम्पेआ बेटाच्या ठेंगण्या वाणाची," विंडा डबे मांडत म्हणाली. "दोन्ही माद्या, एकाच वेळची अंडी. आई दाखवू?"

"दाखव की! मुलगी बघायला आलोय, घरचे नकोत का बघायला?"

विंडा खो खो हसली. आई सहा वर्षांची, अडीच मीटरची, जेमतेम त्याच्या दंडाएवढी जाड. कुठे न्याई आणि कुठे ही! सुलास्त्री हिला सहज उचलेल, अगदी बडबडत, पण उचलेल.

मग पिल्लं. एक बारीक, एका कोपऱ्यात पडून राहिलेलं. दुसरं त्याच्याहून चार बोटं लांब, भरलेलं – झाकण उघडताच मान वर करून बघणारं.

"ही बारकी जरा खायला कुरकुर करते," विंडा म्हणाली. "पण गिऱ्हाइकं नेमकी हिच्यावरच बोट ठेवतात. लहान दिसते ना. आता तुम्हाला काय सांगायचं, काका, काही लोक साध्या जातीचं पिल्लू उपाशी ठेवून ठेंगणं म्हणून विकतात, आणि घेणारेही पुढं तसंच उपाशी ठेवतात."

ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती... न्याईचं शेवटचं वर्ष. तीन आठवड्यांनी द्यायचं बदक त्यानं दोन महिन्यांवर नेलं होतं – हलकी झाली तर राहील, मुलं नसली तरी मी एकटा उचलेन, राहील – आणि ती काही आखूड झाली नाही. नुसता कणा वर आला, हात फिरवला की लागायचा. सुलास्त्रीला सांगितलं, उन्हाळा आहे, खात नाही. खोटं. मीच देत नव्हतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

"दुसरीला उंदीर देऊन दाखवते, बघा कशी झडप घालते."

"नको गं, भरल्या पोटी प्रवास करायला लावू नकोस तिला. हातात दे."

पिल्लू त्याच्या मनगटाला वेढा घालून आवळत गेलं... आहाहा! केवढीशी, पण काय जोर! त्याला हसूच फुटलं. वर्षभरानं.

"किती वाढेल?"

"आईवर गेली तर अडीच. थोडी जास्तही. लिहून नाही देणार मी. पोटभर घातलंत तर जेवढी व्हायची तेवढी होईल."

थोडी जास्तही. म्हणजे किती? सुलास्त्री दारात उभी राहील, कमरेवर हात ठेवून... त्याची नजर आपसूक बारकीकडे गेली. आणि तिच्यामागोमाग तो विचारही, चोरासारखा – नाहीतर हीच न्यावी, थोडं हात राखून घालत गेलं तर... छी! पुन्हा तेच? त्याला स्वतःची लाज वाटली. काहीतरी करायचं म्हणून त्यानं पिशवी झटकून उलगडली.

ती उलगडतच गेली, पार फरशीपर्यंत.

"अगं बाई! काका, यात मीसुद्धा मावेन की!"

तळाला दुहेरी शिवण. आणि दोन्ही अंगांना दोन रुंद बंद, पक्के, चार-चार वेळा टीप मारलेले. दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायला. न्याईला डॉक्टरकडे नेताना अशीच पिशवी असायची. एकटीला उचलता आला पाहिजे म्हणणाऱ्या बाईनं किती रात्री मशीन चालवलं होतं, आणि आपण विचारलंसुद्धा नाही काय शिवतेस.

"ही दे," तो म्हणाला. "खाणारी. आणि त्या बारकीला घाई करू नकोस, खाईल ती हळूहळू."

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून त्यानं पिशवी मांडीवर घेतली. एवढ्या मोठ्या कापडात पिल्लू कुठेतरी कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. शोधावं लागत होतं, हात फिरवून. वाटेत दोघांना लोंतोंग, केळीच्या पानात शिजवलेला भात, बांधून घ्यावा. जेवताना सुलास्त्रीला न्याईच्या उपासाचं सांगावं... रागावेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. की तिला तेव्हाच कळलं होतं?

एक बंद त्यानं हाताला गुंडाळला. दुसरा शेजारच्या रिकाम्या जागेवर पडला होता. तो त्यानं नीट सरळ करून ठेवला.