टोचलेली टाचणी

दवाखान्यात थोरलीने धाकटीच्या पायातला मोजा जरा जोरातच ओढला.

“आई गं! हळू ना, ताई.”

“हळूच तर काढतेय,” थोरली म्हणाली आणि मोजा खुर्चीच्या पाठीवर टाकला.

सहा महिने घरात या पायांचेच लाड चालले होते. तळपायांची आग होते म्हणून भावाने पलंगाच्या पायथ्याशी खोकं ठेवलं होतं, पांघरूण पायाला लागू नये म्हणून. वहिनी दिवसातून चारदा विचारायची, “आता कसं वाटतंय?” साखरेचा आजार दोघींनाही होता. थोरली दिवसभर उभी राहून गिऱ्हाइकांचे कपडे बेतायची. तिला कुणी काही विचारत नसे.

स्पर्श कळतो का ते बघायला डॉक्टरीणबाई नायलॉनचा बारीक दोरा धाकटीच्या तळव्याला टेकवत होत्या. प्रत्येक वेळी धाकटी पाय आखडून घ्यायची.

“साखरेने नसा दुखावल्या आहेत. म्हणून त्या नसत्या आगीच्याही बातम्या देतात. गोळी हळूहळू वाढवू. साखर मात्र सांभाळायची.”

किती गोड बोलत होत्या तिच्याशी! थोरलीला राहवलं नाही.

“माझेही बघा की. मलाही पाय आहेत.”

बाई हसल्या. “या, बसा. डोळे मिटा. दोरा लागला की ‘हो’ म्हणा.”

थोरली डोळे मिटून, हनुवटी वर करून बसली. आता हिलाही कळू दे, सोसणारी माणसं कशी असतात ते. बराच वेळ गेला.

“करा की सुरू,” ती म्हणाली.

तिने डोळे उघडले. दोरा टेबलावर होता आणि बाई तिचा उजवा पाय हातात घेऊन वाकून बघत होत्या.

“दहा ठिकाणी लावून झाला, मावशी. तुम्हाला एकदाही कळलं नाही. आणि हे कधी लागलं?”

“काय?”

अंगठ्याखाली, सुजलेल्या कातडीत, कापडाला लावायची टाचणी रुतली होती. सभोवती काळं पडलं होतं.

“ताई! तू कालसुद्धा दिवसभर उभी होतीस गं!” धाकटी पुढे वाकून म्हणाली.

“वेळेवर आलात,” बाई म्हणाल्या, “पण आता महिनाभर या पायावर उभं राहायचं नाही.” त्यांनी चिमटा उचलला. “जरा दुखेल,” सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं.

टाचणी बाहेर आली तेव्हा धाकटी कळवळली आणि तिने स्वतःचाच पाय झटकन पोटाशी घेतला.

थोरली हलली नाही. ती धाकटीच्या त्या पायाकडे बघत राहिली.