सुतकातले माड

एल्माच्या माडाची नवी झावळी उलगडली आणि माझ्या काळजात धस्स झालं. दोन्ही बाजूंनी ती तिरकी कातरलेली होती. पान शेंड्यात मिटलेलं असतानाच गेंड्या भुंगा ते कुरतडतो, मग ते असं उलगडतं. दोन-चार वेळा शेंड्यात शिरला की माड मेलाच.

एल्मा माझी एकुलती एक. ती झाली तेव्हा तिच्या बापाने, ओफासियाने, तिची नाळ पुरून त्यावर हा माड लावला. नाळेचा माड वाळला की माणूसही वाळतं, असं आमच्याकडे म्हणतात. मी मिशनच्या शाळेत शिकले, तरी हे ऐकलं की माझे हातपाय गार पडतात.

भुंगे येत होते ते ओफासियाच्याच ओंडक्यांतून. तो गेला तेव्हा रीतीप्रमाणे त्याचे माड तोडले. धनी गेल्यावर त्याची झाडं कुणासाठी उभी राहायची? ओंडके तसेच आडवे पडलेले, वर ताम्बूची, म्हणजे मनाईची, पानं बांधलेली. सुतक फेडायचं जेवण होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लावलाच, तर मेलेला येऊन घरातलं सगळ्यांत लहान माणूस नेतो.

शेतकी खात्याची जोसलिन बोटीने आली तेव्हा तिने लांबूनच ओळखलं. "कुजका ओंडका म्हणजे ह्या भुंग्याचं बाळंतघर, काकू. औषध मारू नका, ते विहिरीत उतरेल. ओंडके फोडा, अळ्या डुकरांना घाला. भुंग्याला तुमचं सुतक कळत नाही."

मी थोरल्या दिरांकडे गेले. इरोमेआ भावजी सुपारीला चुना लावत बसले होते.

"भावजी, जेवण लवकर घालू या."

"डुकरं अजून पिल्लं आहेत. भावाला अर्धपोटी पाठवू?"

"मग ओंडके तरी फोडू द्या. एल्माचा माड गेला तर?"

"आणि ओंडका फोडलास तर माड राहील, पोरगी जाईल. त्या सरकारी बाईला काय, ती बोटीत बसून गेली. मेलेल्याशी राहायचंय आपल्याला."

इकडे आड, तिकडे विहीर. परत येताना एल्मा माडाखाली खेळताना दिसली. तिच्या शेजारी बुंध्यापाशी ताजा भुस्सा पडला होता. भुंगा अजून वर कोरत होता. मी घरात जाऊन कुऱ्हाड घेतली.

पहिला घाव घालताना माझे दात वाजत होते. "ओफा, रागावायचं तर माझ्यावर रागाव," एवढंच म्हणत होते. खोड पावासारखं फुटलं. आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. सगळा ओंडका आतून हलत होता.

मागे पावलं वाजली. भावजी आले होते, हातात काठी. आता ही डोक्यात बसणार म्हणून मी डोळे मिटले. पण काठी खाली पडल्याचा आवाज आला. भावजी ओंडक्यात बघत होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"माझ्या भावाच्या झाडात हे," ते म्हणाले.

मग ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी ताम्बूचं पान सोडवून ओंडक्यावर हात ठेवला. भावजींनाही भीती वाटते हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

"ओफा, मीही हात लावलाय. न्यायचंच असेल तर थोरल्याला ने. लहानाला हात लावू नकोस." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मार. मी पिल्लं सोडतो."

त्या दिवशी डुकराच्या पिल्लांची पोटं जमिनीला टेकली.

एल्माच्या माडाची पुढची सुई, शेंड्यातलं नवं पान, अजून मिटलेलीच आहे. आतलं पान कातरलंय की अख्खं आहे, ते उलगडल्याशिवाय कळत नाही. सकाळी उठले की मी आधी एल्माच्या कपाळाला हात लावते, मग धावत माडाकडे जाते. भावजी माझ्याआधीच तिथे मान वर करून उभे असतात.