मालाची गाडी, माणसांची गाडी

मी पिकअप बोलतोय. पिकअप म्हणजे पुढं तिघांची केबिन आणि मागं उघडा लोखंडी हौदा. आता केबिनला दार एकच उरलंय, चाकांच्या जागी दगड आहेत आणि हौद्यात कडबा भरलाय. कुरुळीच्या वस्तीवर, रंगरावाच्या गोठ्यामागं मी उभा आहे. उभा कसला, पडलोय म्हणा. कुणी विचारत नाही म्हणून आपणहून बोलतोय. ऐकायचं तर ऐका, नाहीतर राहू द्या.

माझा जन्म बासष्ट सालचा, मुंबईच्या कारखान्यातला. त्या साली सरहद्दीवर लढाई लागली आणि अंगावरचा रंग नीट वाळायच्या आत मला लष्करात धाडलं. लढाई मी पाहिली नाही, उगाच खोटं कशाला सांगू? देहूरोडच्या डेपोत पेट्या वाहिल्या. या शेडमधून त्या शेडमध्ये, ऐन तारुण्याची वर्षं गेली.

माझ्या शेजारी एक वॅगन उभी असायची. आमचे नाक-डोळे एकच, इंजिन एकच. पण ती वरून बंद, काचांच्या खिडक्या, आत गादीच्या तीन रांगा. साहेबांची पोरं शाळेत सोडायची, बाईसाहेबांना बाजारात न्यायची. तिला गाद्या आणि मला पत्रा! पण राग नव्हता हो. ज्याचं त्याचं काम.

माझे पाटे जाड. पाटे म्हणजे चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. अंगावर दहा-बारा पोती असली की मी कसा शहाण्यासारखा चालतो. रिकामा असलो की उधळतो. साधा खड्डा आला तरी मागचं अंग हवेत. बनवणाऱ्यानंच तसं बनवलंय, माल वाहायला.

त्र्याहत्तर साली लष्करानं आम्हाला लिलावात काढलं. मी आणि वॅगन एकाच रांगेत, अंगावर खडूनं आकडे टाकलेले. तिथं रंगराव आला. बरोबर त्याचा धाकटा भाऊ ज्योतीराम आणि आई चतुराबाई. त्यांच्यामागं पदर पुढं ओढून उभी होती दुर्गा, ज्योतीरामाची बायको. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते. चौघं देहूचं दर्शन करून तसेच आले होते.

रंगराव मालाचा माणूस. कुरुळीचा कांदा चाकणच्या बाजारात घालायचा, पिंपरीच्या एका कंपनीच्या कॅन्टीनला भाजी पुरवायची, असा त्याचा धंदा. त्यानं माझा हौदा थोपटला. ज्योतीराम कंपनीत शिफ्टला जाणारा, त्याचं मन वॅगनवर.

"दादा, हीत समदं घर बसंल बघ. लगीनकार्याला किती शोभंल!"

चतुराबाई हसली. "बसायला येष्टी हाय की! आन् कांदं काय मांडीवर घिऊन बसायचं?"

तेव्हा दुर्गा नवऱ्याला हळूच म्हणाली, "अवो, ती काचांची बरी. तीत मागं येगळं बाक हाय."

ज्योतीरामानं ते मोठ्यानं सांगून टाकलं. "दादा, ही म्हणती काचांची घ्या!" सगळे हसले. दुर्गानं पदर आणखी खाली ओढला. तिनं त्या घरात मागितलेली ही पहिली गोष्ट. दुसरी कधी मागितलेली मी ऐकली नाही.

ती असं का म्हणाली, ते त्या वेळी कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही. आमच्याकडं थोरल्या दिरासमोर भावजय बाजेवर बसत नाही. त्याच्याशी थेट बोलत नाही. तो समोरून आला की तोंड भिंतीकडं. माझ्या केबिनात गादी एकच, आणि गाडी चालवणार थोरला दीर. मग त्या गादीवर तिनं बसायचं कसं? वॅगनला मागं वेगळं बाक, तिथं सुखानं बसता आलं असतं. तिचा विचार इतका साधा होता.

घेतलं मलाच. वॅगन पिंपरीच्या एका कंत्राटदारानं नेली.

पुढची दोन वर्षं माझी बरी गेली, नाही म्हणत नाही. पहाटे भाजी, दिवसा कांदा, परत येताना कुणाचं खत, कुणाचे पत्रे. रंगराव मला जपायचा. भला माणूस. बायको लग्नानंतर लवकरच वारली, तर त्यानं दुसरं लग्न केलं नाही. दारू नाही, तंबाखू नाही. मला धुताना माझ्याशी बोलायचा.

पण माझ्या केबिनात कोण कोण बसलं ते सांगू का? तलाठ्याचा शिपाई बसला. सोयरे बसले, सोयऱ्यांचे सोयरे बसले. रस्त्यात हात केलेला अनोळखी पाव्हणा बसला. एकदा तर पाय मोडलेला बोकड बसला, गादीवर, पोतं अंथरून! दुर्गा मात्र मागं. लग्नाला असो, जत्रेला असो, ती मागं, हौद्याच्या मागच्या फळीला, म्हणजे फाळक्याला टेकून, केसांत धूळ घेऊन. कुणाला त्यात वावगं दिसलं नाही. तिलाही नाही.

मग तिला दिवस गेले. घरात आनंदीआनंद. रंगरावाला मूल नव्हतं, म्हणजे घराण्याचं सगळं लक्ष तिच्या पोटाकडं. चतुराबाई तिला उन्हात जाऊ देईना, जड उचलू देईना. सासू वाईट नव्हती हो. वाईट कुणीच नव्हतं, हेच तर मला खातं.

आठवा महिना सरत आला होता. चैत्रातली सकाळ. बाजाराचा दिवस, माझ्या अंगावर कांद्याची पोती रचलेली. ज्योतीराम पहिल्या पाळीला गेलेला. एवढ्यात घरातून आरडाओरडा. सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "आडवं आलंय. हितं न्हाई जमायचं. पिंपरीच्या दवाखान्यात न्या, लगी लगी."

रंगराव धावत आला. पहिलं काम काय केलं असेल? पोती उतरवली. एकट्यानं, धडाधड, सगळीच्या सगळी. घामानं भिजला बिचारा. वाकळ आणली, दुहेरी करून हौद्यात अंथरली. बाईला नीट पाय पसरून निजता यावं, एवढीच त्याची इच्छा. मी आतून ओरडत होतो, अरे बाबा, ठेव! चार पोती तरी ठेव! रिकामा मला नेऊ नकोस! पण गाडीचं कोण ऐकतं?

मग त्यानं केबिनचं डावं दार उघडलं. दुर्गाकडं न बघता, जमिनीकडं बघत आईला म्हणाला, "आई, तिला पुढं बसीव. तू मधी बस. मागं हादरं लई बसत्यात."

"तुज्या बाकावर?" चतुराबाई कळवळली, तरी म्हणालीच, "येडा का खुळा तू! पारावर समदं गाव बसलंय. काय म्हन्तील?"

दुर्गा कळेनं वाकली होती. तिनं ते दार पाहिलं. पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि आपल्या पायांनी चालत मागं गेली. सासूनं हात दिला, दोघी हौद्यात चढल्या. रंगरावानं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. दार लावून घेतलं. मी निघालो तेव्हा पुढच्या गादीवर तो एकटा.

वस्तीपासून नाशिकच्या हमरस्त्यापर्यंत नुसती बैलगाडीची वाट. तो हळू चालवत होता. मागून चतुराबाई केबिनचा पत्रा बडवायची, "रंगा, हाण की लवकर!" तो जोर करायचा. मी उधळायचो. मग ती ओरडायची, "आरं हळू! हळू!" बिचाऱ्यानं करायचं तरी काय? इंद्रायणीचा पूल गेला, मोशी गेली. दुर्गाचा आवाज नाही. मला वाटलं, निभतंय. मग दिसलं, तिनं पदराचा बोळा दातांत धरला होता. पुढं थोरला दीर बसलाय, त्याच्या कानावर आपलं ओरडणं जाऊ नये म्हणून. अशा वेळीसुद्धा!

भोसरीच्या अलीकडं कारखान्यांच्या पाण्याच्या नळासाठी रस्ता खणला होता. वरवर माती लोटलेली. रंगरावाला दिसलं, त्यानं ब्रेकही दाबला, पण माझं मागचं अंग उडालं ते उडालंच. बोळा सुटला आणि ती ओरडली. तसलं ओरडणं मी पुन्हा ऐकलं नाही. त्यानंतर दवाखान्यापर्यंत ती काहीच बोलली नाही.

मुलगा होता. रडला नाही. आईला वाचवायला गर्भाची पिशवी काढावी लागली. डॉक्टर कशामुळं म्हणाले ते मला ठाऊक नाही, मी बाहेर उन्हात उभा. मूल आडवं होतं म्हणून असेल, उशीर झाला म्हणून असेल. मला फक्त तो एक दणका ठाऊक आहे. ज्योतीराम कंपनीच्या कपड्यांतच पळत आला आणि भावाच्या गळ्यात पडला. रंगराव हौद्यातली वाकळ काढायला आला, ती हातात घेतली आणि माझ्या चाकाशी मटकन खाली बसला. पोरासारखा रडला.

दुर्गा घरी आली आणि कामाला लागली. पाणी भरायची, शेण काढायची, भाकरी थापायची. पुढं चतुराबाईनं विषय काढला. घराला वारस नको का? ज्योतीराम नाही म्हणाला. पुष्कळ दिवस नाही म्हणाला. मग नाही म्हणायचा थांबला. दुर्गाला कुणीतरी विचारलं, तर म्हणाली, "करा की. माजं काय हाय त्यात?"

आणि लग्न ठरलं तेव्हा रंगराव पिंपरीला जाऊन काय घेऊन आला? वॅगन! तीच ती, माझ्या शेजारची, त्या कंत्राटदाराकडून. नवा आकाशी रंग मारलेला. "आता घरातल्या बाया मागं उगड्यावर बसायच्या न्हाईत," असं तो आईला म्हणाला. दुर्गासाठीच घेतली होती त्यानं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दुर्गाला सांगणार कोण? आणि सांगून व्हायचं काय होतं?

लग्नाला वॅगनच्या गाद्यांवर पाव्हणे बसले. येताना मधल्या रांगेत नवी नवरी मंजुळा बसली, काचेला झेंडूच्या माळा. आणि वऱ्हाडाची भांडी, पातेली, सतरंज्या माझ्या हौद्यात. त्यांच्यावर दुर्गा. पातेली सांभाळायला कुणीतरी हवंच ना! ज्या गाडीची तिनं एकदा हौस केली, ती तिच्या डोळ्यांपुढून धूळ उडवत गेली आणि ती धूळ आम्हा दोघांवर बसली. त्या दिवशी माझं इंजिन वाटेत बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पडलं नाही. मेलं मजबूत होतं.

पुढं मला कुणी हात लावेना. कॅन्टीनची भाजी टेम्पोनं जाऊ लागली. रंगराव मला चालवायचाच नाही. चाकं गेली, बॅटरी गेली, हॉर्न कुणी काढून नेला देव जाणे. हौद्यात कडबा आला.

परवा मंजुळेला कळा सुरू झाल्या. वॅगन दारात लागली. रंगराव पुढं चालवायला, मंजुळा मधल्या रांगेत आडवी, तिच्या उशाशी चतुराबाई. पडदासुद्धा लावला. कुणाची मर्यादा मोडली नाही. दुर्गानं आपल्या हातांनी तिच्या कमरेखाली उशी सारली, दुसरी पाठीला दिली, दार हलकेच लावलं. चतुराबाई म्हणाली, "तू बी चल, जागा हाय." दुर्गा म्हणाली, "म्हशी कोन बघंल?"

वॅगन पाण्यावरून गेल्यासारखी गेली. मी बघत होतो.

त्याच दुपारी चिखलीचा भंगारवाला मला बघून गेला. येत्या आठवड्यात न्यायला येतो म्हणाला. म्हणून म्हटलं, बोलून घ्यावं. तुमच्यापैकी कुणी गाडी घ्यायला निघालं असेल, पिकअप घ्यावी की वॅगन असा घरात वाद चालला असेल, तर माझ्याकडून सल्ला नको. काय हवी ती घ्या. फक्त घरातली बाई कुठं बसणार, ते तिला विचारा, आणि ती बोलली तर हसू नका. ते जमत नसेल तर गाडी घेऊच नका. बैलगाडी बरी. ती निदान हळू जाते.

परवाच, दिवस मावळायच्या आत वॅगन परत आली. मुलगा झाला होता. रडतोय, धडधाकट आहे, असं वस्तीभर झालं. रंगराव पेढ्यांचा पुडा घेऊन गोठ्यामागं आला. दुर्गा माझ्या हौद्यातून कडबा ओढत होती. त्याला पाहून तिनं तोंड फिरवलं, रिवाजाप्रमाणं. तो चार हात लांब थांबला. एक पेढा माझ्या फाळक्यावर ठेवला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलला.

"पोरी, मुलगा झाला."

ती थांबली. पाठ तशीच. "गाडीत तरास न्हाई ना झाला तिला?"

"न्हाई."

"बरं झालं."

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "दुर्गा, त्या दिशी मी दार उगडलं हुतं. पर तुला तोंडानं म्हनलो न्हाई. मी जर..."

"भावजी," दुर्गा म्हणाली. आवाज चढा नव्हता, रडका नव्हता. "म्हशी वरडायला लागल्यात. सरका जरा."

रंगराव सरकला. तिनं पेंढी ओढून डोक्यावर घेतली आणि गोठ्यात गेली. तो उभाच राहिला, मग हळूहळू घराकडं वळला. पेढा तिनं घेतला नाही. अंधार पडेपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.