नऊ गुंठे इकडे, एकोणचाळीस तिकडे

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. सध्या मी तुम्हाला दिसणार नाही, कारण मी पुरता मातीखाली आहे.

माझ्या वरच्या अंगाला वरचे गाव, खालच्या अंगाला खालचे. मोजणीदाराने मला उतारावर रोवले तेव्हा म्हटले होते, "हा हलला तर डोकी फुटतील." मी तसूभरही हललो नाही. त्याचा मला फार गर्व होता. पायथ्याशी रोपवाल्या मावशींची रोपवाटिका आणि विहीर होती. येता-जाता मावशी माझ्यावर टेकत आणि सुनेच्या कागाळ्या मलाच सांगत.

एके दिवशी घरे बांधणारा इंजिनियर आला. माझ्याच डोक्यावर त्याने दोन्ही गावांच्या नियमांचे कागद पसरले. वरच्या गावात दहा गुंठ्यांहून जास्त खणायचे तर परवाना लागे, आणि माती वाहू नये म्हणून बांधही घालावा लागे. खालच्या गावात तेच, पण चाळीस गुंठ्यांच्या पुढे.

"नऊ इकडे खणू, एकोणचाळीस तिकडे," तो मुकादमाला म्हणाला. "परवाना नको, बांध नको."

"पण साहेब, उतार तर एकच आहे की."

"उताराला कोण विचारतंय? दगड कुठंय ते बघ."

मी जागचा हललो नाही, हेच त्याच्या पथ्यावर पडले.

मग तीन दिवस पाऊस लागून राहिला. खणून टाकलेल्या मातीचे ढीग घसरले. मी गाडला गेलो, रोपे गाडली गेली, विहीर गाळाने भरली.

मावशी वरच्या कचेरीत गेल्या. "माती खालच्या हद्दीतली." खालच्या कचेरीत गेल्या. "माती वरून आली." अशी टोलवाटोलवी महिनाभर चालली. शेवटी दोन्ही कचेऱ्या म्हणाल्या, "आधी हद्दीचा दगड दाखवा, मग बघू."

मावशींनी पहार घेतली. दिवसभर त्या मला शोधत होत्या. पहार माझ्यापासून हातभर अंतरावर पडत राहिली. ओरडावेसे वाटले, पण दगडाला तोंड कुठले? मला फार रडू आले.

संध्याकाळी सुनेने त्यांच्या हातातून पहार काढून घेतली. "आई, चला आता. हात सोलवटलेत तुमचे."

त्यानंतर मावशींची पावले मला ऐकू आली नाहीत.

मित्रांनो, मला नंतर शोधा. वर अजून माती मोकळी पडली आहे, तिला आधी बांध घाला. ढगांचा गडगडाट मला इथे खालीही ऐकू येतो आहे.